हंगामी थोरले मांत्रिक

सरांच्या राज्यात सत्ता असलेल्या माणसाला बसायची परवानगी नव्हती. सभा भरली की प्रजेने बसायचं आणि राज्यकर्त्याने उभं राहायचं. "बसला की तो लांबतो," एवढंच ते कारण सांगत. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे तेव्हाही मुलं वर्गात येताना ते दाराशी उभे राहत आणि शेवटचं मूल बाकावर टेकेपर्यंत हलत नसत. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही. त्यांच्या मते शिक्षक आल्यावर मुलांनी उभं राहायचं असतं. सर म्हणायचे, "तुमच्या राज्यात असेल."

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजून त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो. खाली कुलूप असतं. पुण्याहून त्यांची मुलगी अनघा येते तेव्हा दारं उघडली जातात, जांभ्याच्या भिंतींना धरलेली ओल जरा सुकते, आणि ती गेली की पुन्हा कुलूप. त्यांच्याबद्दल लिहावं असं तिनेच सुचवलं. मला लिहायला वेळ लागतो. शिवाय या माणसाचं आयुष्य जितकं रत्नागिरीत गेलं तितकंच दुसऱ्या एका ठिकाणी गेलं, आणि त्या ठिकाणाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गेलं की चढावर एक वळण येतं. तिथून दोन्ही किनारे एकदम दिसतात आणि मधे डोंगराची एक सोंड समुद्रात उतरलेली दिसते. लोक तिथे गाड्या थांबवून फोटो काढतात. मी त्यांच्याकडे राहायला आलो त्याच महिन्यात सर मला एसटीने तिथे घेऊन गेले होते. त्या सोंडेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आरे, ते वारे, आणि मधलं ते तिकडे."

राज्याला दुसरं नाव नव्हतं. तिकडे मांत्रिकांचं राज्य होतं. ज्यांना मंत्र येत त्यांनी कारभार करायचा आणि त्यांच्यातल्या एकाला लोकांनी मत देऊन थोरला मांत्रिक निवडायचा. मंत्री आणि मांत्रिक यावरून कोणी विनोद केला तर सर उठून आत जात. तो विनोद प्रत्येकाला सुचतो, म्हणून तो करू नये, असं त्यांचं म्हणणं.

हे राज्य त्यांनी मुळात मुलांसाठी काढलं होतं. संविधानाचा धडा आला की वर्ग पेंगायचा. एकदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "राज्यकर्त्याला खरोखरची जादू येत असेल, तर त्या देशाला संविधान कशाला हवं?" मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "जादू येते म्हणूनच." सरांनी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. हे उत्तर त्यांनी मला निदान वीसदा तरी सांगितलं असेल. त्या मुलीचं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

मी मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागलो आणि खोली शोधत त्यांच्या दारात गेलो. त्यांनी मला ओटीवर बसवलं, स्वतः उभे राहिले. लग्न झालंय का, मांसाहार चालतो का, असं काही विचारलं नाही. म्हणाले, "तुम्हाला पाऊस पाडता येतो असं धरा. कुठे पाडाल?"

मी गोंधळलो. "माण तालुक्यात," म्हणालो. "तिकडे पाणी नाही."

"चांगलं आहे. आणि कुठला कमी कराल?"

"कमी कशाला करायचा?"

सर आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "खोली द्यायला हरकत नाही. पण यांना शिकवायला लागेल." आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, आवाज आला, "आधी चहा तरी घेऊ देत त्यांना."

तिकडचा पहिला कायदा हाच होता. जादूने नवं काही होत नाही. एका ठिकाणचं उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतं, एवढंच. पाऊस पाडला तर तो कुणाच्या तरी आभाळातला असतो. दुसरा कायदा असा, की ज्याच्याकडून उचलायचं त्याला सभेत समोर बसवायचं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचं. तिसरा, की स्वतःच्या घरासाठी मंत्र वापरायचा नाही. हे तिन्ही कुठे लिहिलेले नव्हते. "लिहिलं की वकील येतात," असं सर म्हणत. ते गेल्यावर त्यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी वही, टिपणं काही सापडतात का म्हणून विचारलं. काहीच नव्हतं. राज्य तोंडी होतं आणि आम्हा चौघापाचजणांच्या डोक्यात होतं.

या चौघापाचजणांतले मुख्य म्हणजे बशीरभाई. सरांचे शाळासोबती. तरुणपणी कुवेतला होते, मग परत येऊन मिरकरवाडा बंदरात मासेमारीचा ट्रॉलर घातला, आता तो मुलगा बघतो. सरांशी एकेरीत बोलणारा गावात तेवढा एकच माणूस उरला होता. रोज संध्याकाळी नमाज झाला की काठी आपटत चढ चढून यायचे आणि ओटीवर बसायच्या आधीच विचारायचे, "काय मास्तर, आज तुझ्या मांत्रिकांनी कुणाचं उचललं?" तिकडचा विरोधी पक्ष म्हणजे बशीरभाई. कोणताही ठराव आला की ते विरोधात मत द्यायचे. ठराव चांगला असला तरी. "चांगला ठराव माझ्याशिवाय पण पास होतो," असं म्हणायचे.

त्या काळात तिकडचा थोरला मांत्रिक दुसराच होता. सर त्याच्याबद्दल इतक्या बारकाव्याने बोलत की मला तो रस्त्यात भेटला असता तरी ओळखता आला असता. वयस्कर, कमी बोलणारा. परसात अळू लावलेलं होतं आणि त्याला विहिरीचं पाणी स्वतः शेंदून घालायचा. मंत्राचं पाणी त्याने घरच्या अळवाला कधी लागू दिलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावरून कर्णे लावलेल्या रिक्षा फिरू लागल्या की सर खिडकी लावून घेत आणि म्हणत, "यांना मंत्र येत नाहीत हे आपलं नशीब." मग त्या अळवाच्या माणसाविषयी काहीतरी सांगत. त्यांना तो मनापासून आवडायचा.

त्याला पाडलं बशीरभाईंनी. दिवाळीच्या आगेमागे समुद्र बिघडला होता. बंदरावर धोक्याचा बावटा लागला, होड्या मिरकरवाड्यात येऊन दाटीने उभ्या राहिल्या. संध्याकाळी सर खुशीत होते. म्हणाले, "तिकडे मात्र सगळ्या होड्या बाहेर आहेत. थोरल्याने कालच वादळ वळवलं."

"वळवलं ते कुठं?" बशीरभाईंनी विचारलं.

सर थांबले. "म्हणजे?"

"आता तूच शिकवलंयस ना. आपल्याकडचं उचललं तर कुठं तरी ठेवलं असणार. कुठं ठेवलं?"

"खाली. दक्षिणेला. तिथे आपलं राज्य नाही."

"राज्य नाय, पण समुद्र हाय ना? तिथं पण कुणाचा पोरगा होडीवर असंल."

बशीरभाईंनी तिथल्या तिथे अविश्वासाचा ठराव मांडला. मी बाजूने मत दिलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझंही धरा. तिथल्या बायकांना समोर बसवलं होतं का त्याने?" ठराव मंजूर झाला. अळवाचा माणूस गेला. सर त्या रात्री जेवले नाहीत आणि पुढचे कितीतरी दिवस तिकडचं नाव त्यांनी काढलं नाही. मला तेव्हा कळलं, की जे सगळं आपणच रचलं आहे, ज्यातला शब्दही आपण उद्या बदलू शकतो, तिथला निर्णयही त्यांच्यावर बंधनकारक होता. कोणी त्यांना अडवलं नसतं. दुसऱ्या दिवशी ते म्हणू शकले असते की वादळ उघड्या समुद्रात नेऊन सोडलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी ते ओटीवर आले आणि उभे राहिले. म्हणाले, "दुसरा कोणी मिळत नाही. तोवर हंगामी म्हणून मी."

"हंगामी म्हणजे किती दिवस?" बशीरभाईंनी विचारलं.

"योग्य माणूस मिळेपर्यंत. तू होतोस का?"

"छे रे. गुडघे दुखतात माझे. मी बसलेलाच बरा."

त्या दिवसापासून सर तिकडचे हंगामी थोरले मांत्रिक झाले आणि बरीच वर्षं राहिले.

काकू गेल्या तेव्हाही तेच होते. काकूंना पोटाचं दुखणं होतं, ते कळायला उशीर झाला आणि मग फार वेळ मिळाला नाही. माणसं येऊन गेली, विधी झाले. एका संध्याकाळी ओटीवर मी, बशीरभाई आणि अनघा असे बसलो होतो. सर उभे होते. बशीरभाईंनी अवघडून विचारलं, "तिकडे काय आज, मास्तर?"

"तिकडे काही नाही," सर म्हणाले. "राज्यकर्त्याच्या घरातलं दुःख राजपत्रात येत नाही."

अनघा उठून आत गेली. सरांनी तिच्याकडे पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. लहानपणापासून ती तिकडची नागरिक. शाळेत असताना एकदा गणिताच्या पेपरासाठी तिने थोरल्या मांत्रिकाकडे अर्ज केला होता आणि सरांनी तो त्याच्या वतीने तिसऱ्या कायद्याखाली फेटाळला होता. हा किस्सा ती हसत सांगायची. त्या संध्याकाळी मात्र ती आतच राहिली.

सरांच्या किडन्या निकामी होत आल्या आहेत हे कळलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी पायांना सूज, मग धाप, मग तपासण्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. सकाळी मी त्यांना रिक्षाने नेऊन पोचवायचो आणि दुपारी बशीरभाई परत आणायचे. पाणी मोजून, मीठ बंद, सुकट बंद. "मास्तर, तुला आता वासावर जगायचं," असं म्हणत बशीरभाई घरी शिजलेल्या सुरमईचं वर्णन करायचे आणि सर डोळे मिटून ऐकायचे. सभेत ते अजून उभे राहत, पण भिंतीला हात लावून.

डॉक्टरांनी सांगितलं, की वय झालं असलं तरी हृदय ठीक आहे, घरातल्या कुणी किडनी दिली तर बसवता येईल. अनघाने कुणाला न विचारता पुण्यात सगळ्या तपासण्या करून घेतल्या. जुळत होती. तिने फोन केला आणि सर नको म्हणाले. तिच्या नवऱ्याने फोन केला, त्यालाही नको म्हणाले. मग एका रविवारी सकाळी ती कागदांची पिशवी घेऊन एसटीतून उतरली, ओटीवर आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, सभा बोलवा. मला ठराव मांडायचा आहे."

मला आठवतं, सरांचा चेहरा उजळला. किती तरी दिवसांत असा उजळला नव्हता. ते म्हणाले, "बशीरला फोन लावा, ग्रंथपाल."

घरात बसून ती रडली असती, चार दिवस अबोला धरला असता, तर बाप म्हणून ते कदाचित विरघळले असते. पण तिला त्यांचं राज्य बापापेक्षा जास्त ओळखीचं होतं. तिथे आपण जिंकू, असं तिला वाटलं.

बशीरभाई आले. सर भिंतीला टेकून उभे राहिले. तिने ठराव मांडला: हंगामी थोरल्या मांत्रिकांनी आपल्या मुलीची किडनी स्वीकारावी.

"घरासाठी मंत्र नाही," सर म्हणाले. "कायदा तुला पाठ आहे."

"मंत्र कुठे आहे यात? डॉक्टर करणार आहेत."

"एकाचं उचलून दुसऱ्याकडे ठेवायचं. याला तिकडे काय म्हणतात?"

"बरं, मंत्र तर मंत्र," ती म्हणाली. "मग ज्याच्याकडून उचलायचं त्याचं ऐकायचं, हाही कायदा आहे. मी समोर बसलेय. ऐका."

आणि ती बोलली. मोठ्याने नाही. म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, राजपत्रात येत नाही. बशीरकाका होते, हे ग्रंथपालदादा होते, कुणी काही बोललं नाही. मला त्या दिवशी कुठे बसावं कळेना. घरात बसले तर घरात राज्यकर्ता आहे, बाहेर बसले तर बाहेर लोक आहेत. तुम्ही आईसाठी काही मागितलं नाहीत, कुणाकडेच. मी तेव्हा द्यायला तयार होते, पण तिला लागेल असं माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे. तुमच्या राज्यात घेणाऱ्याने काय करायचं ते सगळं सांगितलंय. देणाऱ्याला द्यावंसं वाटलं तर त्याने काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

सरांनी तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तशी तरतूद नाही, हे खरं आहे. मतं घेऊ."

अनघा स्वतः पक्षकार, तिला मत नव्हतं. मी ठरावाच्या बाजूने मत दिलं. बशीरभाईंकडे आम्ही दोघांनीही पाहिलं. सरांना हरवायची संधी त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती आणि अनघा त्याच भरवशावर आली होती. ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"विरोधात," ते म्हणाले.

"काका," अनघा म्हणाली.

"बेटी, मी ह्याला जन्मभर विरोध केला. हा हरला की मला जेवण गोड लागतं. पण तेव्हा हा काय तरी करायला बघत असायचा. आज हा काय करत नाय, नुसता नको म्हणतोय. नको म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावायचं, ते माझ्याच्याने नाय होणार."

दोन्हीकडे एकेक मत. निर्णायक मत अध्यक्षाचं, आणि ते द्यायला अध्यक्षाने भिंत सोडून पुढे यायला हवं होतं. सरांनी भिंतीवरचा हात काढला. एक पाऊल टाकलं आणि गुडघ्यातून खचले. मी आणि बशीरभाईंनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. ओटीवर ती एकच खुर्ची होती, पाहुण्यांची. ते त्यात बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "राज्य करणारा उभा असतो. मला आता उभं राहवत नाही. अनघा, तू हो."

"मी काय होऊ?"

"थोरली मांत्रिक. योग्य माणूस मिळेपर्यंत मी होतो. आता निर्णायक मत तुझं."

"मास्तर, ही चलाखी झाली," बशीरभाई म्हणाले.

"चलाखी नाही रे. पाय."

अनघा उभी राहिली. उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. ती हो म्हणाली असती तर तिकडच्या नव्या राज्यकर्तीचा पहिला हुकूम स्वतःच्या घरासाठी निघाला असता. नाही म्हणाली असती तर बापाला किडनी नाकारणारी तीच ठरली असती. आणि सर खुर्चीतून तिच्याकडे नागरिकासारखे वर बघत होते, जे होईल ते मान्य असल्यासारखे. ती खूप वेळ तशीच उभी राहिली. खालच्या रस्त्याने बर्फाचा टेम्पो बंदराकडे गेला, त्यामागून अजून एक गेला.

"सभा तहकूब," ती म्हणाली. "पुढची तारीख मी कळवीन."

पुढची तारीख तिने कळवली नाही. दर रविवारी ती फोन करायची. औषधं, पाणी, सूज, सगळं विचारून व्हायचं आणि शेवटी सर विचारायचे, "तारीख ठरली का?" तिकडून उत्तर येई, "अजून नाही, बाबा." सर फोन ठेवत आणि आम्हाला सांगत, "तहकुबी हे राज्यकर्त्याचं सगळ्यांत अवघड काम. लोक त्याला कचरणं म्हणतात." त्यांना तिचा अभिमान वाटत होता. तोवर मी त्यांना तिच्याविषयी अशा स्वरात बोलताना ऐकलं नव्हतं.

डायलिसिसला ते खिडकीजवळचा पलंग मागून घ्यायचे. एका दुपारी मीही बशीरभाईंबरोबर त्यांना आणायला गेलो होतो. यंत्र चालू होतं, त्यांचे डोळे मिटलेले होते. आम्हाला वाटलं झोपले आहेत.

"तिने हो म्हटलं असतं," सर म्हणाले, "तर मला ऐकावं लागलं असतं."

बशीरभाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आणि ऐकलं असतंस?"

"नागरिक आहे मी आता. न ऐकून कसं चालेल?"

बशीरभाईंनी खिशातून फोन काढला. "मग तिला सांगतो. आत्ता लावतो."

"नाही," सर म्हणाले. "सभेबाहेर राज्यकर्त्यावर दबाव आणायचा नाही."

"अरे, जीव तुझा हाय."

"म्हणूनच."

बशीरभाई फोन हातात धरून बसले. नंबर पडद्यावर आलेला होता, मला दिसत होता. मग पडदा आपोआप काळा झाला आणि त्यांनी फोन खिशात ठेवला. बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत असताना ते एवढंच म्हणाले, "हा असा नसता तर मी कशाला रोज तो चढ चढलो असतो."

त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. ताप आला, संसर्ग रक्तात उतरला, आणि अनघा पुण्याहून पोचली तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. ती त्यांच्याजवळ बसून होती. तिने त्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मी आणि बशीरभाई बाहेर होतो.

तेराव्या दिवसाची माणसं गेल्यावर दुपारी तिने आम्हाला ओटीवर बोलावलं. नवरा मुलांना घेऊन समुद्रावर गेला होता. घरात ताटांचा ढीग होता, तो तसाच ठेवून ती आली.

"तहकूब सभा पुढे चालू करते," ती म्हणाली.

आम्ही बसलो. नियमाने तो विषय आता उरलाच नव्हता. घेणाराच नसेल तर ठराव आपोआप संपतो. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी तिने ठराव शब्दाला शब्द वाचावा तसा म्हटला, हंगामी थोरल्या मांत्रिकांनी आपल्या मुलीची किडनी स्वीकारावी, आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाजूने," मी म्हणालो.

बशीरभाईंनी काठी बाजूला ठेवली. "मत द्यायच्या आधी मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "सभेबाहेर सांगायला मनाई होती. आता सभेत सांगतो. मास्तर दवाखान्यात म्हणाला होता, तू हो म्हटलं असतंस तर त्याने ऐकलं असतं. हा पण होता तिथं. मी फोन काढला होता, बेटी. त्याने लावू दिला नाय."

मी मान हलवली. अनघा आम्हा दोघांकडे पाहत राहिली. रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं की ते ऐकणार, मनात नसलं तरी ऐकणार, हे मला उभी राहिले तेव्हाच कळलं होतं. न ऐकणारे असते तर मी त्याच दिवशी हो म्हटलं असतं."

बशीरभाईंचं मत अजून यायचं होतं. तिने ते मागितलं नाही, आणि विरोधी पक्षाकडून त्या दिवशी काहीच आलं नाही.